बोहनीची काच

१२ नोव्हेंबर. कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्याची क्लोज-अपची काच सापडली. बुरशीचा वास आला आणि तो फोटोवाला आठवला.

तेव्हा सेनगावला आमच्या तुरीच्या फुलांवर खसखशीएवढी अंडी दिसली होती. दीर म्हणाले, "धूळ हाय ती, वैनी. फोटोत मोठी दाखवा, मंग फवारतो." अळ्या निघाल्या की पीक गेलंच. मी कॅमेरा आणि फुलांची डहाळी घेऊन हिंगोली गाठली. फोटोवाल्याच्या दुकानात एक, दोन आणि चार नंबरच्या काचा होत्या. लावून बघू द्या म्हटलं, तर फोटोवाला हसला.

"चार नंबर न्या बाई, सगळ्यात मोठं दिसतं. डबी उघडली की घ्यावीच लागंल. अन् किड्याचे फोटो काहून? लेकरायचे काढा."

"तुमच्या तोंडाचा काढते," म्हणून मी बाहेर पडले. आज कळतं, त्यालाच काचांमधला फरक ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाती पाठवायची त्याची हिंमत झाली नाही. तिन्ही डब्या त्यानेच उघडल्या. चार नंबरने इतकं जवळ जावं लागलं की फुलावर कॅमेऱ्याचीच सावली पडली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी निवांत तिन्ही काचा पुन्हा एकदा लावून पाहिल्या आणि सावली न पडता अंडी मोठी दाखवणारी दोन नंबरची घेतली.