सुरयांच्या बेटावर कांदेपोहे

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम धरणाच्या मधोमध ठेवू नये, असं माझं अनुभवांती मत झालं आहे.

कल्पना अर्थातच माझी नव्हती. आमची केतकी भोसरीला एका कंपनीत डिझाइनला आहे आणि सुट्टी मिळाली की गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठचा चिखल तुडवत पक्षी बघत हिंडते. आजवर आलेली बरीचशी स्थळं तिने नाकारली आणि उरलेली मी घालवली. (मी बोलतो फार. एका मुलाला मी त्याचा पगार आणि केस कधीपासून गळतायत, हे एका दमात विचारलं होतं. तेसुद्धा माझ्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नसताना!) मग महाळुंग्याच्या विक्रमचं स्थळ आलं. दोघं बाहेर भेटली, बोलली, आणि घरी येऊन केतकी पहिल्यांदाच म्हणाली, "बाबा, हा मुलगा मला मनापासून आवडलाय. आता फक्त तुम्ही काही करू नका."

विक्रमच्या घरचा धंदा कंपन्यांना बस पुरवण्याचा. वडील बाळासाहेब म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, आणि आई मंगलताई म्हणजे त्या प्रस्थावरचं प्रस्थ. अशा माणसांना केतकीने अट घातली! "मी ट्रे घेऊन येणार नाही. त्यांनी माझ्याबरोबर पक्षी बघायला यावं. लग्नानंतरही मी हेच करणार आहे, ते आधीच बघून घेऊ देत."

मी स्थळ गेलं असं समजून पेपर उघडला. पण बाळासाहेबांचा फोन आला, "येतो की! पोहे तेवढे घ्या संगट."

मे महिन्यातल्या एका रविवारी भल्या पहाटे आम्ही निघालो आणि चाकणच्या ट्रकांच्या रांगा चुकवत, ऊन चढता चढता पलीकडच्या धरणावर पोहोचलो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथे मधोमध खड्यांचं एक बेट उघडं पडतं. नदी सुरय नावाचे पक्षी तिथे जमतात. ते का जमतात आणि आपण कसं वागायचं, हे केतकीने आदल्या दिवशी घरी सगळं समजावून सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा गाडीत हवा भरायला गेलो होतो.

होडीत चढताना सुलभाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला बाजूला घेतलं. "हे बघा, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. तुम्ही फक्त ही सतरंजी धरायची. बोलायचं नाही." सतरंजी परत आल्यावर काठावर बसून पोहे खायला होती. पण धर म्हटलं म्हणून मी ती होडीतही काखेत मारून बसलो. आज्ञाधारक माणूस!

आणि मग ते बेट दिसलं. राखाडी पाठ, काळी टोपी, पिवळीधमक चोच, कात्रीसारखी शेपटी. असे पक्षी हवेत नुसते तरंगत होते. एक अचानक पंख मिटून सरळ पाण्यात कोसळला आणि चोचीत चकाकता मासा घेऊन वर आला. मी खरोखर सगळं विसरलो. चिंचवडला जन्म काढला, एवढ्या जवळ हे चाललंय आणि आपल्याला पत्ताच नाही!

"आयला!" बाळासाहेब म्हणाले. "हे आपल्याच हिथं हाय व्हय?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"लांबून काय दिसणार?" मी म्हणालो. "उतरू की!" आणि होडी बेटाच्या कडेला जरा घासली तशी मी उडीच मारली. नाववाला "ओ काका, ओ काका" करत राहिला. बाळासाहेब मंगलताईंना म्हणाले, "पावनं उतरल्यावर आपुन बसून ऱ्हायचं? बरं दिसंल का?" आणि तेही उतरले. ते उतरले म्हणून मंगलताई उतरल्या. मला आवरायला सुलभा उतरली. केतकी होडीच्या दुसऱ्या टोकाला बसून विक्रमला दुर्बिणीतून लांबचा बगळा दाखवत होती. दोघांनी माना वळवल्या तेव्हा होडी रिकामी होती.

मी बराच आत जाऊन एक छान सपाट जागा निवडली, सतरंजीची दोन टोकं धरली आणि फडाडकन झटकली. सतरंजी हवेत फुगली. त्यासरशी अख्खं बेट एकदम उडालं, आणि त्या कलकलाटाच्या वर केतकीची किंकाळी ऐकू आली.

"बाबाऽऽ! खाली टाकू नका! अंडी आहेत!"

"कुठे?"

"सगळीकडे!"

मी वाकून बघितलं. सगळी नोकरी मी क्वालिटी विभागात काढली. पार्टवरची केसाएवढी चीर मला लांबून दिसते. पण समोर मला फक्त खडे दिसत होते. मग त्यातला एक खडा जरा जास्तच गोल वाटला. शेजारचाही. आणि बघता बघता खड्यांची अंडी होत गेली. ठिपक्याठिपक्यांची, वाळूच्याच रंगाची, नुसत्या खळग्यात उघड्यावर ठेवलेली! अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या आभाळाखाली इतक्या भरवशाने कोणी आपलं सगळं ठेवून देतं?

"जागचं कोणी हलू नका!" केतकी ओरडली.

सगळे थिजले. बाळासाहेबांचा एक पाय वर होता, तो वरच राहिला. त्यांनी तोल सांभाळायला मंगलताईंचा खांदा धरला आणि मंगलताईंनी सुलभाचा पदर.

"आणि लवकर निघा! पक्षी उठलेत, उन्हाने अंडी भाजून निघतील!"

"अगं, हलू नको म्हणतेस की निघ म्हणतेस?"

"दोन्ही!"

तेवढ्यात सुरयांनी हल्ला चढवला. उंचावरून सूर मारायचा आणि ऐन डोक्याजवळ किंचाळून वळायचं. चार डोक्यांत त्यांना सगळ्यात जास्त आवडलं माझं टक्कल. पहिला नुसता ओरडून गेला, दुसऱ्याने टोचलं आणि तिसऱ्याने जे केलं ते मला मानेवरून पाठीकडे ओघळताना कळलं.

विक्रम होडीतून उतरला तो चक्क चार पायांवर! एकेक खडा बोटांनी चाचपत तो रांगत पुढे आला. "आई, मी हात उचलला का तिथंच पाय ठेव. आण्णा, तुमी बी," तो वडलांना म्हणाला. मंगलताई म्हणाल्या, "आवं, तुमचा पाय दिसतोय व्हय तुमाला? रांगा गप!" आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यातलं ते प्रस्थ पोराच्या मागे गुडघ्यांवर रांगू लागलं. सुलभाही त्यांच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

"मी पण येतो," मी म्हणालो.

"बाबा, हलू नका! तुमच्या दोन बुटांच्या मधोमध अंडी आहेत!"

मी खाली बघितलं. मला माझी ढेरी दिसली.

"सतरंजी वर धरा! सावली पडू दे त्यांच्यावर!"

मी दोन्ही हात ताणून सतरंजी डोक्यावर धरली. विक्रम सगळ्यांना होडीत बसवून मला न्यायला परत निघाला होता, तेवढ्यात केतकीने हात वर केला. "थांब. ती येतेय."

एक पक्षीण पाण्यावर आली. पोट पाण्यात बुडवलं, पुन्हा बुडवलं, आणि निथळत्या पोटाने ती सरळ माझ्या दिशेने आली. मी डोळे मिटून घेतले. टोचलं नाही. डोळे उघडून मान कशीबशी वाकडी केली, तर ती सतरंजीच्या सावलीत, माझ्या बुटाला लागून उतरत होती. पिसं फुलवून ती अंड्यांवर अलगद बसली. पोटाचं पाणी त्यांना लागत होतं. पोरांना उन्हातून वाचवायला पोटावरून पाणी आणलं होतं तिने! चोच उघडी टाकून ती धापा टाकत होती, आणि तिच्या काळ्याभोर डोळ्यात मी अख्खा मावलो होतो.

मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. हात भरून आले, घाम डोळ्यांत गेला, आणि घामाबरोबर दुसरंही काही वाहत होतं ते मी कबूल करतो. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या घरच्यांनीही कधी टाकला नव्हता.

ती पुन्हा पाण्याकडे गेली तेव्हा विक्रमने माझा बूट धरला. "काका, उजवा पाय वर. मागं. आता टेकवा." तसा एकेक पाय उचलून त्याने मला होडीपर्यंत आणलं. आम्ही लांब गेलो तसे पक्षी एकामागून एक खाली उतरले, आणि बेट पुन्हा नुसतं खड्यांचं दिसायला लागलं.

काठावर उतरलो. सतरंजीवर सुरयांनी इतका आहेर केला होता की पोहे उभ्यानेच खावे लागले. बाळासाहेबांचा लेंगा दोन्ही गुडघ्यांवर फाटला होता. केतकी माझ्याकडे बघत नव्हती. पोरीने एकच गोष्ट सांगितली होती, काही करू नका, आणि मी काय करून ठेवलं!

बाळासाहेबांनी ताटली खाली ठेवली. "आता आमाला काय इचारायचं ऱ्हायलं न्हाई," ते म्हणाले. मी पोह्यांचा डबा बंद करायला घेतला. "उनाचं, डोस्क्यात चोची खात, पाखराच्या पोरांवर सावली धरून जो मानूस हूं की चूं करत न्हाई, त्या घरची पोर आमाला पायजे!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. अहो, मी अडकलो होतो! सुलभाने असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं.

केतकी नंतर मला म्हणाली, "माझं तर तो रांगत आला तेव्हाच पक्कं झालं. पण बाबा, परत त्या बेटावर उतरलात तर बघा!"

लग्न भोसरीच्या कार्यालयात झालं. अंतरपाट धरायचा मान दुसऱ्या कुणाचा होता, पण बाळासाहेब ऐकेनात. "कापड धरून न हलता हुबं ऱ्हायचं काम आमच्या व्याह्यांचं!" एक टोक विक्रमच्या मामांकडे, दुसरं माझ्याकडे. मी ताठ उभा. पहिलं मंगलाष्टक संपलं, "शुभ मंगल सावधान" म्हणून सगळं कार्यालय एकसुरात ओरडलं, आणि मागून मूठभर अक्षता सप्पकन माझ्या टकलावर आल्या.

"आई गं!" म्हणून मी अंतरपाट हिसडून डोक्यावर घेतला आणि मटकन खाली बसलो. गुरुजी गप्प झाले. आटोपलं असं समजून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. नवरा-नवरी मुहूर्ताच्या आधीच एकमेकांकडे बघून हसत सुटली.

"उठा!" सुलभा कानाशी पुटपुटली. "अहो, लोक बघतायत. पाय उचला!"

पण मी कापडाखाली आधी पायांच्या मध्ये अंडी आहेत का ते बघत होतो. (ढेरीमुळे दिसलं नाही.)