थांबायची शिट्टी

महिपतीच्या नावात अख्खी पृथ्वी होती, पण त्याची स्वतःची पृथ्वी रोह्याच्या स्टँडात सुरू व्हायची आणि पेणच्या स्टँडात संपायची. मध्ये कोलाड, खांब, नागोठणे आणि वडखळ, एवढेच काय ते देश. एस.टी.त अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हरकी करून तो निवृत्त झाला, तेव्हा डेपोत शाल, नारळ आणि बटाटेवडा असा रीतसर समारंभ झाला. एका हौशी क्लार्कने भाषणात गणित मांडलं, की महिपतीने आजवर जेवढी गाडी चालवली तेवढ्यात पृथ्वीभोवती वीस फेऱ्या झाल्या असत्या. टाळ्या पडल्या. महिपतीचा वडा मात्र हातातच राहिला. वीस फेऱ्या, आणि पेणच्या पुढे आपण गाडी एक फर्लांगही नेली नाही!

हा वडा त्याला महिनाभर पचला नाही. शेवटी तो रोह्यातल्या दिनानाथ ट्रान्सपोर्टवाल्याकडे जाऊन उभा राहिला. लांबच्या लाइनीवर ट्रक चालवायचा म्हणाला.

दिनानाथने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "महिपतराव, या वयात लोक देवळात बसतात."

"बसून चालवायचंच काम हाय ना हे पण?"

दिनानाथ हसला, पण माणूस व्यवहाराचा. "एक खेप देतो. पेणहून गणपती नागपूरला न्यायचे. एका गणपतीचा कान दुखावला तरी दुसरी खेप नाय. चालेल?"

"चालेल."

घरी खांबला त्याच्या बायकोने, शांतीने, हे ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "जन्मभर पेणला गेलात नि जेवायला घरी आलात. आता नागपूरला जाऊन काय संत्री सोलणार?"

"बघायचं हाय गो एकदा, रस्ता पुढं कुठं जातो ते."

शांतीने सूप पुन्हा उचललं. अठ्ठावीस वर्षं खांबच्या थांब्यावर उभी राहून ड्रायव्हरच्या खिडकीतून तिने डबा दिला होता. रस्ता पुढे कुठे जातो, हा प्रश्न तिलाही कधीतरी पडला असेल. पण तिला विचारतो कोण?

महिपतीची खरी अडचण रस्त्याची नव्हती. ती त्याने कुणाला सांगितलीही नव्हती. एस.टी.चा ड्रायव्हर पुढे बघतो, मागचं सगळं कंडक्टरचं. घंटी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. आणि स्टँडात गाडी मागे घ्यायची ती कंडक्टरच्या शिट्टीवर. तुकड्यातुकड्याने वाजते तोवर येऊ द्यायची, लांब वाजली की ब्रेक. महिपतीचा कंडक्टर म्हणजे रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावचा लतीफ. वीस वर्षं दोघांची जोडी. त्या वर्षांत महिपतीने त्या शिट्टीशिवाय गाडी वीतभरही मागे घेतली नव्हती. आता लतीफही निवृत्त होऊन घरी बसला होता, आणि ट्रकला क्लीनर मिळणार होता तो ऐनवेळी कांजिण्या घेऊन झोपला.

रिकामा ट्रक घेऊन महिपती सकाळी रोह्याहून पेणकडे निघाला. कोलाडच्या थांब्यावर ट्रक आपोआप थांबला. लोक बघायला लागले, तसा तो दचकून निघाला. खांबला मात्र शांती डबा घेऊन उभी होती, तिथे थांबणं भागच होतं. डबा आत आला. पाठोपाठ दुसऱ्या दाराने शेजारची काशीबाई शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन चढून बसली.

"काशीबाय, हा ट्रक हाय."

"मग? पेणला नाय जात काय?"

"जातो."

"मग झालं तर. चल."

महिपती इंजिन चालू ठेवून स्वस्थ बसून राहिला. काशीबाई म्हणाली, "अरे, आता कुणाची वाट बघतोस?" त्याला सांगवेना. शांतीने खालून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ट्रकच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. धप्, धप्. ट्रक निघाला.

पेणच्या कारखान्यात गवत अंथरून, कागद गुंडाळून एकशे चाळीस गणपती चढवले. मग मात्र महिपतीला जरा बरं वाटलं. मागे कुणीतरी बसलंय, याची त्याला सवय होती. आणि हे प्रवासी फार गुणी. कुणी सुट्ट्यावरून भांडत नाही, कुणाला ओकारी होत नाही, खिडकीसाठी रुमाल टाकत नाही. पेणचा स्टँड डाव्या हाताला आला तेव्हा स्टिअरिंग सवयीने थोडं वळलं. त्याने ते सरळ केलं आणि स्टँड मागे पडला. एवढ्याशा गोष्टीला अठ्ठावीस वर्षं लागली होती.

पुढचे दोन दिवस तो बघत राहिला. कसाऱ्याचा घाट, मैलोन् मैल कांद्याची शेतं, मग काळीशार जमीन, जिला कुठे डोंगराचा टेकूच नाही. ढाब्यावर जेवताना समोर माणूस नसे, म्हणून तो खुर्ची ट्रककडे तोंड करून ठेवी.

तिसऱ्या दिवशी दुपारी नागपूर आलं. व्यापाऱ्याचं गोदाम एका गल्लीच्या तोंडाशी होतं आणि ट्रक मागेच घ्यावा लागणार होता. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला भिंत, शेवटी दगडी ओटा. ओट्याला धक्का बसला की दोनशे ऐंशी कान गेलेच. पाच हमाल एकदम मदतीला धावले.

"येऊ द्या, येऊ द्या!"

"डावीकडे काटा ना जी!"

"डावीकडे कायले? उजवीकडे!"

महिपतीने ब्रेकवर पाय ठेवला आणि तो उचलेचना. गोदामाचा मुकादम खिडकीशी आला. "काका, घ्या ना मागं! किती वेळ लावून राह्यले?"

महिपतीने कपाळ पुसलं, मोबाईल काढला आणि अष्टमीला लतीफला लावला.

"लतीफ, शिट्टी हाय काय रे घरात?"

"हाय की, खुंटीला. का रे?"

"काढ. नागपुरात हाय. गाडी मागं घ्यायचीय."

दुसरा कुणी असता तर हसला असता. लतीफने पलीकडून एवढंच विचारलं, "मागं काय काय हाय?" महिपतीने खांब, भिंत, ओटा सांगितलं. "बरं. घे."

मोबाईलचा स्पीकर चालू करून महिपतीने तो काचेशी ठेवला. शिट्टी सुरू झाली. पिप्, पिप्, पिप्. हमाल गप्प झाले. महिपतीने आरशात पाहिलं, मान बाहेर काढली, खांब जाऊ दिला, भिंत सोडली, आणि ट्रक हळूहळू मागे सरकला. ओटा जवळ आला, अजून जवळ आला, आणि लांब शिट्टी वाजली. त्याने उतरून पाहिलं. ओट्यात आणि ट्रकच्या मागच्या फळीत चार बोटांचं अंतर.

"एकदम बरोबर मारलीस!" तो मोबाईलवर ओरडला.

"मी काय मारली? मी आमनासमोर भाजी निवडत बसलोय. तुझ्या इंजिनाचा आवाज बसला, म्हटलं थांबलास. मग वाजवली."

महिपतीने मोबाईल काचेजवळून उचलला. "आन् पेणच्या स्टँडात?"

"तिथं तरी काय दिसायचं? मागं ही माणसं, ह्या टोपल्या. मी कान तुझ्या इंजिनावर ठेवायचो. तू थांबलास की लांब वाजवायची."

"अरे, मी तर तू वाजवायचास म्हणून थांबायचो!"

 तेवढ्यात पलीकडून लतीफच्या बायकोचा, आमनाचा, आवाज आला, "अल्ला, म्हणजे वीस वर्षं गाडी बघत कोण होतं?"

एकशे चाळीस गणपती कानांसकट उतरले. मुकादमाने मोजून सही दिली. परतीच्या वाटेवर महिपतीला आधी लतीफचा राग आला. भुसावळच्या पुढे स्वतःचं हसू आलं. आणि कसारा उतरताना दोन्ही गेलं. त्याला एवढंच कळलं, की बघत आपणच होतो. पण मागे कुणीतरी आहे, या भरवशावर बघत होतो. तो भरवसा नसता, तर त्या डोळ्यांना काही दिसलं असतं की नाही, कोण जाणे.

रोह्याला दिनानाथच्या आवारात ट्रक मागे लावायचा होता. दिनानाथ सहीचा कागद वाचून म्हणाला, "दुसरी खेप सोमवारी. या वेळी इंदूर." फाटकाशी लतीफ उभा होता, पूल ओलांडून मुद्दाम आलेला, शिट्टी तोंडात. पण तो वाजवेना; आता कुठल्या तोंडाने वाजवायची, अशा चेहऱ्याने नुसता उभा.

महिपतीने आरशात पाहिलं, ट्रक मागे घेतला, भिंतीशी अलगद थांबवला. मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे, वाजव की! मी उतरू कसा?"

लतीफने गाल फुगवून लांब शिट्टी मारली. महिपतीने इंजिन बंद केलं.