पहिल्या नंबरची तबकडी

आमचे भूगोलाचे सर गाणं लागलं की ग्रामोफोनकडं बघत नसत. ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडं बघत. एक तळवा कानामागं, दुसऱ्या हातात खडूचा तुकडा. तबकडी संपली की तो खडू कुणावर तरी रोखला जाई. "बोल. तुला काय ऐकू आलं?" तुळजापूरच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण बसत असू. गाणं संपत आलं की सगळ्यांच्या माना खाली जात.

"छान" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "छान वांग्याच्या भाजीला म्हणायचं. पुढं?"

दर जानेवारीत पुण्याच्या एका साप्ताहिकात संगीत समीक्षक गेल्या वर्षीच्या उत्तम तबकड्या निवडून क्रमानं छापत. सर त्यांतल्या जमतील तेवढ्या सोलापूरहून मागवत, क्रम न सांगता वाजवत आणि आमची मतं पोस्टकार्डावर लिहून समीक्षकांना पाठवत. एकदा दुसऱ्या नंबरच्या गायिकेबद्दल मी घाबरत म्हणालो, "बाई आडाचं पाणी शेंदून दमल्यासारख्या वाटल्या." सगळे हसले. सर हसले नाहीत. "हे पुण्याला कळलं पाहिजे," म्हणून त्यांनी माझे शब्द तसेच उतरवले.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरली नव्हती. वडील देवळाच्या वाटेवर कवड्यांच्या माळा विकत. त्यांना सांगितलं तर हातातली माळ तशीच राहिली. "तुझं म्हणणं पुण्याला गेलं? व्हय रं?"

पुण्याहून उत्तर कधीच आलं नाही. सर म्हणत, "त्यांनी त्यांचं सांगितलं, आपण आपलं. झाली बरोबरी."

वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब हे निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले मोठे वकील. त्यांना ही बैठक खुपत असे. मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी त्यांनी सरांना बजावलं, "दहा टाळकी जमवून तुम्ही खोली अडवता. या खेपेला गावातली चार शहाणी माणसं बोलवा, पहिल्या नंबरची तबकडी ऐकवा. रंग भरला तर रविवार तुमचा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून कुलूप."

शाकंभरी नवरात्राची गर्दी होती. यात्रेकरूंच्या बसमधून कंडक्टरच्या हाती तबकडी आली. नेहमीपेक्षा मोठी, तरी हलकी. लाँग प्ले म्हणजे जास्त वेळ चालणारी, एवढंच आम्हाला माहीत. ती सावकाश फिरवायची असते, आपली पोलादी सुई तिला चालत नाही, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं आणि सरांनाही ठाऊक नव्हतं.

खोली भरली. सरांनी चावी दिली, सुई टेकवली. गायक किंचाळतच सुटले. तबला पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी सरांकडं पाहिलं. ते पहिल्यांदाच ग्रामोफोनकडं बघत होते.

आबासाहेबांनी मान डोलावली. "बहोत खूब! काय तयारी हाय!"

मग सगळ्यांच्याच माना हलू लागल्या. पानवाले मामा म्हणाले, "लई भारी! पुण्याची निवड हाय म्हटल्यावर!"

"सर, रविवार तुमचा," आबासाहेब म्हणाले.

सरांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्यांच्या मुठीतला खडू मोडल्याचं मला दिसलं. ते उठले आणि त्यांनी सुई उचलली.

"आबासाहेब, माफ करा. मला यात गाणं ऐकू आलं नाही. दोष यंत्राचा असेल, माझा असेल. पण हे गाणं नव्हे."

"म्हणजे आम्ही बहिरे?"

बाहेर देवळाकडून संबळ तेवढा ऐकू येत होता.

"तसं मी म्हणालो नाही. मला काय ऐकू आलं ते सांगितलं."

पुढच्या महिन्यात खोलीला कुलूप लागलं.

जूनमध्ये मी सोलापूरला कॉलेजात निघालो. स्टँडवर सर आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तबकडी त्यांनी माझ्या वळकटीत घातली. "हिचा वेग निराळा असतो म्हणे. दुकानदारानं आता कळवलं! तिकडं बरोबर यंत्र मिळालं की ऐक. समीक्षकांना काय वाटलं ते मला ठाऊक आहे. तू तुझं कळव."

बरोबर यंत्र मिळायला बी.ए.चं शेवटचं वर्ष उजाडलं. आमच्या एका प्राध्यापकांच्या घरी ते होतं. पण भूगोलाचे सर आदल्या उन्हाळ्यातच वारले होते.

सुरुवातीला नुसती खरखर. प्राध्यापक म्हणाले, "खराब झालेली दिसते. काढू का?"

"थोडं थांबा, सर."

एका जागी खरखर थांबली आणि गायकाचा संथ, भरदार आवाज खोलीत आला. आमच्या सरांनी सुई उचलली होती ती ही जागा. तिथून पुढं तबकडीवर एकही ओरखडा नव्हता.

गाणं संपल्यावर प्राध्यापकांनी विचारलं, "कशी वाटली?"

'छान' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी, मला काय ऐकू आलं ते सांगू लागलो.