‘मी’ म्हणणारा माणूस

ताई कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची. वडिलांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा म्हातारा रुसून खोलीबाहेरच येईना. मग हिने बटणांमागे चुंबकं शिवली. एका हाताने शर्ट टकाटक बंद! म्हातारा आरशासमोरून हलायला तयार नाही.

शेजारपाजारचे मागायला लागले, तशी ताई भांडवलासाठी एका गुंतवणूकदार साहेबांकडे गेली. त्यांनी शर्टाला हातसुद्धा लावला नाही. "मुलंबाळं सांभाळून झेपेल का हे?" मग तिच्या काळ्या चेहऱ्याकडे बघत, अगदी गोड आवाजात, "तुमच्या लोकांत खपेल हो. बाहेर कोण घेणार?"

अरे मेल्या, हात काय आमच्याच लोकांचे लुळे पडतात? पण हे ती जिन्यात बोलली, वर नाही.

दुकानात इस्त्री करणारा एक होता. गोरापान, उंच, खणखणीत आवाजाचा. रुबाबावरून सगळे त्याला जावईबापूच म्हणायचे. ताईने त्याला कोट चढवला आणि त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं. तो आपला सारखा म्हणायचा, "हे ताईंनी बनवलं."

ताई खेकसायची, "'ताईंनी' नाही, 'मी' म्हण! त्यांना 'मी' लागतो."

"अहो ताई, जीभ रेटत नाही."

"रेट!"

त्याने रेटली. त्याच साहेबांनी त्याला विचारलं, "किती मोठं करणार?" आणि पैसे दिले. कागदोपत्री संस्थापक तो, ताई शिवण विभागाची मुख्य. जावईबापूने तिला कधी अंतर दिलं नाही, हे खरं. काम चाललंय ना, मग नावाला काय चाटायचंय, अशी तिने मनाची समजूत घातली.

पुढे बऱ्याच वर्षांनी साहेब कारखाना बघायला आले. भांडवलासाठी त्यांना गाठायला एक मुलगी तिथेच आली. ताईच्याच वर्णाची, हातात स्वतः बनवलेली घडीची काठी. ताई शेजारीच शर्ट लावत होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "बाळ, माझ्या मनात आकस नाही. पण तुझ्यासारखीनं असं काही उभं केलेलं मी आजवर पाहिलं नाही. एक तरी दाखव."

अहो, साहेब तिच्याच कारखान्यात उभे होते! जावईबापूने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवून त्याला गप्प केलं. खोटं उघडं पडलं, साहेबांनी पैसे काढून घेतले, तर मशीनवरच्या बायकांनी कुठे जायचं? पण ज्या एकीला दाखवायचं, तिला आपणच आपल्या हाताने पुसून टाकलं.

मुलगी निघाली. ताई धावतच फाटकापर्यंत गेली. "थांब गं. आहे एक. मी आहे. हे सगळं मी उभं केलंय."

मुलीने तिच्या गळ्यातली टेप पाहिली, बाहीला चिकटलेले दोरे पाहिले.

"हो ना मावशी," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्हा कामगारांशिवाय कुठली कंपनी उभी राहते?"