कालव्याकाठचे बूट

गेल्या रविवारी दुपारी कालव्याच्या काठावर मला आप्पांचे बूट दिसले. आप्पा कुठेच नव्हते.

आप्पा म्हणजे माझे वडील. यंदा आई गेली आणि कराडच्या घरात ते एकटे पडले, म्हणून आम्ही त्यांना इकडे आयर्लंडला घेऊन आलो. नवरा मलिंगारला डॉक्टर आहे, मी घरून काम करते. राहतो तिथून थोडं पुढे, एका छोट्या गावात.

आप्पांनी जन्मभर एसटी चालवली. रस्त्याकडेला पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही जुनी खोड… आणि आमच्या गावात पाट्याच पाट्या! इथे इंग्रजांची बराक होती, इथे जमीनदाराने कुळांना घराबाहेर काढलं, इथे दुष्काळात उपाशी लोकांना राबवून जेमतेम खायला घालणारं वर्कहाउस होतं. आप्पा अक्षर अक्षर जुळवत वाचायचे आणि घरी येऊन मला अर्थ विचारायचे.

पण हल्ली तेही बंद झालं होतं. जेवता जेवता मध्येच हात थांबायचा. एकदा म्हणाले, "आता बास झालं गं, पोरी." मी घाईघाईने विषय बदलला… पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

तर रविवारी जेवून फिरायला गेले ते चहाची वेळ झाली तरी आले नाहीत. फोन घरातच चार्जिंगला. नवरा ड्युटीवर. मी जॅकेट अडकवलं आणि निघाले.

पुलापाशी, तिथल्या एका पाटीच्या खाली, ते बूट होते. शेजारी शेजारी नीट लावलेले, आत मोज्यांच्या घड्या. दोन पावलांवर कालव्याचं काळं पाणी…

"आप्पा!" मी ओरडले. काठाकाठाने पळत सुटले. लव्हाळ्यात काहीतरी काळं तरंगत होतं, फुगलेलं, त्यांच्या जॅकेटसारखं. गवतावर पालथी पडून मी ते ओढलं… शेतातल्या चाऱ्याला गुंडाळतात तो प्लास्टिकचा कागद होता. मी तिथेच चिखलात बसून रडायला लागले. आता तिकडे भारतात माझ्या दादाला फोन करून काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात शेजारच्या शेतातला म्हातारा नोएल कुत्र्याला घेऊन आला. माझा अवतार बघून तोही घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं. "युअर डॅड, इज इट? ही'ज ग्रँड, लव्ह. ही'ज अबव्ह इन द फील्ड." म्हणजे ठीक आहेत, वर शेतात आहेत.

पुलाच्या पलीकडे चढावर एक कुंपण घातलेलं शेत आहे; पुलापाशी आहे ती पाटी त्याचीच. वर्कहाउसमध्ये भुकेने गेलेली माणसं तिथे पुरली आहेत. दगड नाहीत, नावं नाहीत, नुसतं गवत. त्या ओल्या गवतात आप्पा अनवाणी उभे होते, हात जोडून.

मी धावत जाऊन आधी त्यांना घट्ट धरलं आणि मग अशी काही तोंडाला येईल ती बडबड केली की विचारू नका. बूट काढून कशाला ठेवायचे? तेही पाण्याच्या कडेला?

आप्पांना माझ्या रागाचं कारणच कळेना. "आत माणसं हायती की गं," म्हणाले. "पायात घालून कसं जायाचं?"

लहानपणापासून प्रत्येक देवळाबाहेर बघितलेले तेच बूट, त्याच मोज्यांच्या घड्या… आणि मला भीतीपोटी दुसरंच काही दिसलं.

पुलापाशी त्यांना कठड्यावर बसवलं. पाय बर्फ झाले होते. मोजे चढवता चढवता मी विचारलं, "एवढा वेळ काय करत होता तिथे?"

"बोलत हुतो," आप्पा म्हणाले. "त्यास्नी म्हटलं, आमची एक तिकडं नवीन आलीया. लांबनं आलीया, इंग्रजी येत न्हाई तिला. जरा सांभाळून घ्या."

मी तशीच त्यांची पावलं हातात धरून बसले.

भीती अजून गेलेली नाही. दारातले बूट जागेवर नसले की मी आधी कालव्याकडे धावते. पण काल मी एकटीच त्या शेतात गेले, बूट पाटीखाली काढून ठेवले, आणि त्या अनोळखी माणसांना सांगितलं… आईला सांभाळा, पण आप्पांना अजून थोडे दिवस माझ्याकडेच राहू द्या.