मोहाच्या झाडाखाली आई

चंद्रपूरच्या महाकालीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. आईला गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावी राहायला आणलं तेव्हा ती फक्त चष्मा कुठे ठेवला ते विसरायची. मग गॅसवरची भाजी विसरू लागली, आणि एका दिवाळीत जेवायला वाढताना तिने मलाच विचारलं, "बाई, तू कोनाची व?" मी सगळ्यांसमोर हसले आणि न्हाणीत जाऊन रडले.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून समजावलं. अल्झायमर आहेच, शिवाय वर्षानुवर्षांच्या बीपी-शुगरने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या आहेत. रक्त पुरेसं पोचत नाही, त्यांच्या भिंती झिरपतात, आणि जो कचरा मेंदूबाहेर जायला हवा तो नीट निघत नाही, तिथेच साचतो. मी धानाच्या घरातली. पाटात गाळ बसला की शेवटची बांधी, म्हणजे टोकाचं धानाचं खाचर, कशी सुकते, ते लहानपणापासून पाहिलेलं. म्हटलं, "मग गाळ उपसा ना, डॉक्टर." ते म्हणाले, औषधांनी उरलेलं सांभाळू, गेलेलं परत आणता येणार नाही.

डॉक्टरांना जमलं नाही ते मी महाकालीच्या गळ्यात टाकलं. आईने एकदा मला नावाने हाक मारली, तर तुझी ओटी भरीन. नवस फेडायची वेळ काही आली नाही. तरी चैत्राच्या यात्रेत मी आगाऊच ओटी भरायला निघाले. म्हटलं, देवीला थोडी भीड तरी पडेल.

त्या पहाटे शेजारणीला आईजवळ बसायला बोलवायला गेले आणि घाईत दाराला बाहेरून कडी घालायची राहिली. परत आले तर खाट रिकामी, आणि कोपऱ्यातली टोपलीही नाही. मोहफुलांचे दिवस होते. वाघ फिरतो आहे, पहाटे वेचायला जाऊ नका, असं वनरक्षक गावात बजावून गेले होते. ओटीची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मी जंगलाकडे पळत सुटले.

हाक तरी काय मारायची? "आई" म्हटलं तर ती वळणार नव्हती. पळता पळता मी पहिल्यांदाच काही अट न घालता देवीला म्हटलं, "माये, माझं नाव राहू दे. ती तुझीच आहे, तूच सांभाळ."

थोडं पुढे गेले तर बायकांचं बोलणं ऐकू आलं. आमच्याकडे जंगलातलं मोहाचं झाडही कोणत्या घराचं ते ठरलेलं असतं; दुसऱ्याच्या झाडाखालची फुलं उचलली की भांडण ठरलेलं. आई अशाच एका परक्या झाडाखाली बसून फुलं वेचत होती, माहेरचं झाड समजून. शेजारी माझ्याच वयाची एक अनोळखी गोंड बाई होती. ती खणखणीत आवाजात बोलत होती आणि तिची नजर सारखी झुडपांकडे जात होती.

"तुमची माय हाये का?" तिने विचारलं. "मी आली त मलेच म्हणते, माह्या झाडाखाली काऊन आली? म्हटलं, चुकली बाई, तुमचंच झाड हाये. वाघ फिरून राह्यला, एकटी कशी सोडू? म्हणून मोठ्यानं बोलत बसली."

झाड तिचं, पण तिची स्वतःची टोपली रिकामी होती. वेचलेली फुलं ती आईच्याच टोपलीत टाकत होती.

पिशवीतला खण-नारळ काढून मी तिथेच तिची ओटी भरली. ती संकोचली, "हे कायले व बाई?"

"चंद्रपूरले निघाली होती," मी म्हटलं. "काम इथीच झालं."

आई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, ऊन चढलं. माही पोरगी घरी वाट पाहात असन. मले तिच्याकडं सोडून देतं का?"

माझं नाव मागता मागता मी हे कधी विचारलंच नव्हतं, की नावाशिवाय मी तिच्यात कुठे उरले आहे का. उरले होते. कुणीतरी आपली वाट बघतं आहे एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्या बाईचे आणि महाकालीचे उपकार मी वेगळे करू शकत नाही, करायचेही नाहीत. देवीपुढे आता नुसते हात जोडते.

आई अजूनही मला ओळखत नाही. रोज संध्याकाळी मात्र तिला पोरीची आठवण येते आणि ती घरी जायला निघते. मी तिचा हात धरते, अंगणाला एक चक्कर मारते आणि तिला तिच्या पोरीच्या घरी आणून सोडते.