गाडीतला मीटर आणि महादेव हळदणकर

महादेव हळदणकरचा मीटरवर विश्वास नव्हता. विजेच्या नाही, टॅक्सीच्या नाही, रक्तदाबाच्या तर मुळीच नाही. याचं मूळ गिरणीत होतं. साचेखात्यात किती कापड विणलं ते मोजायला मालकाने प्रत्येक साच्यावर, म्हणजे मागावर, मीटर बसवला होता. एकविसाव्या वर्षी महादेवने एकदा तेच कापड हाताने मोजलं, तर मीटर दीड वार कमी दाखवत होता. तेव्हापासून त्याचं मत पक्कं झालं: मीटर ज्याने बसवला, त्याचंच बोलतो.

मग ब्याऐंशीचा संप झाला. पंधरा दिवसांत मिटेल असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. फाटक बंद झालं ते बंदच. महादेवने परळच्या फुटपाथवर पंक्चर काढायला घमेलं, पंप आणि स्टूल मांडलं. पहिल्यांदा टायर उतरवायला अर्धा तास लागायचा, वर्षभरात सात मिनिटं. बघणाऱ्याला सोपं वाटायचं. बघणाऱ्याने एकदा करून पाहावं.

सदतीस वर्षांत गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि टॉवरमधल्या गाड्याही महादेवकडेच येऊ लागल्या. त्याने चाक तपासून "जा" म्हटलं की कोणी दुसऱ्याला दाखवत नसे. संपानंतर त्याने कमावलं ते एवढंच, आणि तो ते मिरवतही असे.

एका सकाळी टॉवरमधल्या डॉक्टर मृणालिनी गाडी घेऊन आल्या. मागे त्यांची आई राधाबाई. दोघी पुण्याला निघाल्या होत्या.

"काका, मागच्या डाव्या चाकात हवा चोवीस दाखवतंय. बाकीची तेहतीस."

"कोण दाखवतंय?"

"गाडी. चाकांत सेन्सर आहेत."

महादेवने खिडकीतून डोकं घातलं. पडद्यावर गाडीचं चित्र, एका चाकाजवळ पिवळा आकडा.

"गाडी कंपनीची, मीटर कंपनीचा, नवा टायरही कंपनीच विकणार. मग दुसरं काय दाखवेल?" त्याने चाकावर पाना ठोकला, शहाऐंशी साली घेतलेला हवा मोजायचा पितळी काटा लावला. "बत्तीस. जा."

"नक्की?"

"अगं, हळदणकर म्हणतायत ना!" राधाबाई म्हणाल्या. "चल, ऊन वाढतंय."

गाडी गेली.

अर्ध्या तासाने जगन टॅक्सीवाला आला. त्याचं पुढचं चाक पार बसलेलं होतं. महादेवने सवयीने काटा लावला. बत्तीस. पुन्हा लावला. बत्तीस. काढून नुसता हवेत धरला, तरी बत्तीस.

डबा घेऊन आलेली त्याची बायको तुळसा बघत होती. "माझ्या नाकाला लावा. तिथेही बत्तीस येईल."

"अडकलाय."

"कधीपासून?"

महादेव आठवड्याभरातल्या गाड्या बोटांवर मोजू लागला आणि डॉक्टरांच्या गाडीपाशी थांबला. एक्सप्रेसवेवर कमी हवेचं चाक तापून फुटतं, हे त्याला ठाऊक होतं. "डॉक्टरांना फोन लाव," तो म्हणाला. तुळसाचे गुडघे त्यांच्याकडेच दाखवलेले, म्हणून नंबर होता.

"डॉक्टर, कुठे पोचलात?"

"चेंबूर. का?"

"मीटर काय म्हणतो?"

"एकोणीस. पण तुम्ही म्हणालात ना—"

"मी चुकलो. मीटर बरोबर आहे. हळू बाजूला घ्या, ब्रेक जोरात दाबू नका. मी येतो."

जगनने हे ऐकलं आणि टॅक्सीच्या टपावर हात आपटला. "महादेव चुकला! पुन्हा बोल रे!"

"आधी तुझं चाक बदलतो. मग मला चेंबूरला सोड."

स्टेपनी सहा मिनिटांत चढली.

चेंबूरला साबणाचं पाणी लावल्यावर नक्षीच्या खाचेतून बुडबुडे आले. बारीक स्क्रू होता. महादेवने तो उपटला, भोकात रबराची वात भरली आणि पायाने पंप मारायला लागला. एकसष्टाव्या वर्षी दीडशे दट्टे म्हणजे गंमत नव्हे.

"किती?"

"सव्वीस."

"आता?"

"तीस."

"एकदा ठोकून बघा की, हळदणकर," राधाबाई म्हणाल्या.

महादेवने पाना पिशवीतून काढलाच नाही. तेहतीसला तो थांबला. डॉक्टरांना एक फेरी मारून यायला सांगितलं आणि पुन्हा आकडा विचारला. तेहतीसच. वातीवर पुन्हा साबणाचं पाणी सोडलं. एकही बुडबुडा नाही. मगच "जा" म्हणाला.

परतताना त्याने नवा काटा घेतला आणि पेट्रोल पंपावरच्या काट्याशी ताडून पाहिला.

"मग, नाक्यावर सांगू ना सगळ्यांना?" जगनने विचारलं.

"सांग. मलाही सांगायचंच आहे. या आठवड्यात आणखी तेरा गाड्यांना बत्तीस सांगितलंय मी. टॉवरच्या पार्किंगला घे."

तेरा गाड्या, बावन्न चाकं. महादेवने पँट गुडघ्यावर वर ओढली आणि पहिल्या चाकापाशी उकिडवा बसला.